कानामागची गाठ

"घरात कुणाला आहे का असं?" एवढंच डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं. वेदश्रीच्या उजव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून, मागून बॅटरीचा उजेड टाकत, अगदी सहज. छाया तोंड उघडणार तेवढ्यात धनंजय बोलला, "नाही. कुणालाच नाही. इकडेही नाही अन् तिकडेही नाही." इकडे म्हणजे त्याच्या घरी, तिकडे म्हणजे छायाच्या माहेरी. तिच्या माहेरचंही त्यानेच सांगून टाकलं. आणि सांगताना तो डॉक्टरांकडे बघत नव्हता, लेकीकडेही नव्हता; भिंतीवर कातडीच्या थरांचं एक गुलाबी चित्र टांगलेलं होतं, त्या चित्राशी बोलल्यासारखा बोलला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याला केलॉइड म्हणतात. जखम भरते, पण भरायचं थांबतच नाही, कातडी वाढतच राहते. कापायच्या भानगडीत पडू नका, कापलं की अनेकदा गाठ आणखी मोठी येते. महिन्याच्या महिन्याला गाठीतच इंजेक्शन देऊ, हळूहळू बसेल. "पुष्कळदा रक्तातनं येतं हे, आई, वडील, आजी, कुणाकडून तरी. कधी कुणाकडूनच नाही येत." हे शेवटचं वाक्य छायाने ऐकलं, धनंजयने ऐकलं की नाही कोण जाणे. बाहेर आल्यावर वेदश्रीने केसांची बट पुन्हा कानावर ओढून घेतली आणि धनंजयने गाडी काढली. आर्वी नाक्याच्या सिग्नलला थांबल्यावर तो आरशात बघत होता. मागच्या गाड्या नव्हता बघत. आरसा त्याने किंचित खाली केला होता, त्यात मागच्या सीटवरची वेदश्री दिसत होती.

छायाला ते आवडलं नाही. का आवडलं नाही हे तिला घरी येऊन कुकर लावेपर्यंत कळलं नाही, आणि शिटी व्हायच्या आत कळलं. रक्तातनं येतं. इकडेही नाही, तिकडेही नाही. मग कुठनं आलं, असा साधा हिशोब कुणीही मांडला असता, आणि तिच्या नवऱ्याची तर अर्धी नोकरी पाटबंधारे खात्यात कुठलं पाणी कुठनं आलं हे शोधण्यात गेली होती.

कान टोचले उन्हाळ्यात, तिच्या भाच्याच्या लग्नाआधी. अकरा वर्षांची पोर, वर्गातल्या सगळ्या मुलींचे कान टोचलेले, हिचेच कोरे. बारशाच्या वेळी सासूबाईंनी नको म्हटलं, वाढदिवसाला नको म्हटलं, पुढच्या संक्रांतीला तर सोनाराला दारातून परत पाठवलं. सुमतीबाई तशा कशाला आडव्या येणाऱ्या नव्हत्या. छायाच्या शाळेतल्या नोकरीला नाही, बदलीला नाही, एकाच मुलीवर थांबलो त्यालाही नाही. पण कानांचा विषय निघाला की त्यांचा चेहरा बंद व्हायचा. "तिले नाई मानवणार," म्हणायच्या. "आमच्याकडं नाई मानवत. धनूचे तरी कुठी टोचले?" छायाला वाटायचं, नातू झाला नाही म्हणून ही अढी असेल. मग या वर्षी वेदश्रीच रडली आणि छायाने कुणाला न विचारता तिला सोनाराकडे नेलं. पहिले काही दिवस पाळ्या लाल, मग पू, मग हळद-खोबरेल, मग मलम. जखम सुकली, खपली पडली, सगळ्यांना वाटलं संपलं. आणि मग पाळीच्या मागे काहीतरी कडक लागायला लागलं. आधी वाटाण्याएवढं, मग बोराएवढं, चकचकीत, खाजणारं. डावीकडे लहान, उजवीकडे मोठं. शाळेत कुणीतरी तिला 'डबल कानाची' म्हटलं, तेव्हापासून वेण्या बंद झाल्या. सुमतीबाईंनी गाठ पहिल्यांदा पाहिली तेव्हा 'मी सांगत होती' असं म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्या देवघरात जाऊन बसल्या. तेही छायाने तेव्हाच मनात टिपून ठेवलं होतं, कशासाठी ते माहीत नसताना.

आता ती सगळंच टिपत होती. एरवी लेकीच्या कानाला मलम लावायचं काम तिचं होतं. दवाखान्यातून आल्यापासून ते धनंजय करायला लागला. वेदश्रीला समोर पाटावर बसवून तो मलम लावायचा आणि लावून झाल्यावरही हात काढायचा नाही. अंगठा आणि बोट यांच्यात ती गाठ धरून ठेवायचा, डोळे मिटून, मापं घेत असल्यासारखा. "बाबा, झालं ना," वेदश्री म्हणायची. मग दचकून सोडायचा. एक दिवस छाया शाळेतून आली तर पलंगावर लग्नाचे अल्बम पसरलेले, बारशाचेही, आणि हा एकेका फोटोवर वाकून लोकांचे चेहरे तपासतोय. "काय शोधून राह्यले?" तिने विचारलं. "काही नाई. असंच." अल्बम मिटताना त्याने अगदी सरळ आवाजात विचारलं, "वेदश्री झाली तवा दवाखान्यात कोण कोण आलतं पाहाले? तुले आठवते?"  तिने नावं सांगितली. आपली आई, भाऊ, त्याची आत्या, शाळेतल्या बाया. आणि शाळेतले सर, असं म्हणता म्हणता ती थांबली, आणि थांबली म्हणून स्वतःवरच चिडली.

कारण वेदश्रीच्या आधीची दोन-तीन वर्षं ती समुद्रपूरकडच्या शाळेवर होती. तिथेच खोली घेऊन राहायची, शनिवारी दुपारच्या एसटीने वर्ध्याला यायची. दोन्ही बाजूंना कपाशी, पांढरी झालेली, आणि खिडकीतून येणारा धुळीचा, डिझेलचा वास. त्या शाळेत अभिराम सर म्हणून एक होते. गणित शिकवायचे, कमी बोलायचे. एकदा जाम गावाच्या अलीकडे एसटी बंद पडली तेव्हा दोघं बाभळीखाली दुसऱ्या गाडीची वाट बघत बसले होते आणि त्यांनी डब्यातली अर्धी भाकर तिला दिली होती. बस, एवढंच. एवढंच होतं याची तिला खात्री होती. मग आता रोज पोळ्या लाटताना ती त्या बाभळीखाली का जाऊन बसत होती? सरांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करायची. कपाळ आठवायचं, चष्मा आठवायचा. मान? मानेवर काही होतं का? शर्टाची कॉलर नेहमी वर असायची. कशासाठी असायची? आणि मग तिला दिसायला लागलं, कॉलरच्या कडेशी, कानाखाली, बोराएवढं, चकचकीत. नव्हतं तिथे तसं काही. नव्हतंच. पण एकदा दिसल्यावर ते जाईना. आपण न केलेल्या गोष्टीचा पुरावा आपणच तयार करतोय, हे तिला कळत होतं आणि तरी हात थांबत नव्हता. धनंजय विचारेल तेव्हा काय सांगायचं याची ती मनात उजळणी करायची, आणि त्या उजळणीत ती दर वेळी जास्त खोटी वाटायची. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं. पण तो विचारत नव्हता. तो जास्तच गोड वागत होता. बाजारातून तिच्यासाठी पेरू आणत होता, आणि पेरूही तिला संशयास्पद वाटत होते.

मग प्रेरणा बोलली. प्रेरणा छायाच्या शाळेत, पुलगावजवळच्या नाचणगावहून येऊन-जाऊन करणारी. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाली, "काऊन वो छायाताई, तुमचे मिस्टर बुधवारी नाचणगावले आलते का? आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दिसले मले. आवाज देणार होती, पण ते नुसते उभेच होते. बराच टाइम." छाया म्हणाली, हो, ते जुनं गाव ना त्यांचं. म्हणाली आणि भाजीत बोट बुडवून बसली. बुधवारी तो हिंगणीला गेला होता. बोर धरणाच्या कामाने. तसं सांगून गेला होता, डबाही घेऊन गेला होता. नाचणगाव तर त्यांनी तो लहान असतानाच सोडलेलं. अण्णाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, तिथलं घर विकून वर्ध्यात बिऱ्हाड केलं आणि पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत. ते वारले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिथे कोण होतं धनंजयचं? वकील? जुना मित्र, जो रक्ततपासणीची सोय करून देईल, गुपचूप, नागपूरला नमुना पाठवून? तिला आठवलं, परवा मलम लावून झाल्यावर त्याने कापूस कागदात गुंडाळून खिशात ठेवला होता. खिशात! त्या दिवशी पाचवीच्या वर्गात तिने फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहिलं आणि मुलं हसली तेव्हा तिच्या लक्षात आलं.

रविवारी दुपारी वेदश्री मैत्रिणीकडे गेली होती. सुमतीबाई मागच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. धनंजय गाडीची चावी शोधत होता.

"कुठी?" छायाने विचारलं.

"हिंगणीले. जरासाक काम आहे."

"हिंगणीले की नाचणगावले?"

तो थांबला. चावी त्याच्या हातातच होती, त्याने ती टेबलावर ठेवली. छायाला वाटलं आता आपला आवाज चढेल, पण तो उलट बसत चालला. "माह्याशी बोलाचं तर सरळ बोला. अल्बम पाहू नका, कापूस खिशात ठेवू नका. वेदश्री कोणाची हे विचाराचं आहे ना तुम्हाले? विचारा मले. समुद्रपूरचं विचारा. जे विचाराचं ते विचारा, पण हे असं चोरून नका करू."

धनंजय तिच्याकडे बघत राहिला. तिने या चेहऱ्याची किती प्रकारे कल्पना केली होती, रागावलेला, पकडला गेलेला, ओशाळलेला. हा त्यातला कुठलाच नव्हता. त्याला खरंच काही समजत नव्हतं. मग समजलं, आणि समजताना त्याचा खालचा ओठ लहान मुलासारखा बाहेर आला.

"तुले असं वाटलं?" तो म्हणाला. "तुले वाटलं मी तुह्यावर..." पुढचं त्याला म्हणवेना. खुर्ची ओढून तो बसला. "कापूस मलमाचा होता, वेदू शाळेत निघाली होती, कचऱ्याचा डबा भरलेला होता म्हणून खिशात टाकला. छाया, मी वेदूचं नाई पाहून राह्यलो. मी माह्यं पाहून राह्यलो. मी कोणाचा ते पाहून राह्यलो."

ती उभीच राहिली. तो खालच्या आवाजात सांगत गेला, ओट्याकडे बघत, मधेच थांबत. नाचणगावला त्यांच्या घराला लागून देवकाबाईचं घर होतं. विधवा, चार लेकरं, लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. हा दिवसभर तिच्या अंगणात. ती याला मांडीवर घेऊन झोपवायची, आणि झोप येईपर्यंत हा तिच्या कानाशी खेळायचा. तिच्या दोन्ही कानांच्या मागे गाठी होत्या. थंड, गुळगुळीत, गोटीसारख्या. तो म्हणायचा, मावशीच्या कानाले बोरं लागले. "इतक्या वर्षांत मले ते आठवलं नव्हतं. त्या दिवशी वेदूच्या कानाले हात लावला अन् माह्या बोटाले आठवलं. डोस्क्याले नाई, बोटाले." डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याला ती दिसत होती, म्हणून तो नाही म्हणाला. मग एकेक जुळायला लागलं. आपले कान कुणी टोचले नाहीत. आपलं तोंड अण्णाजींसारखं नाही, आईसारखं नाही. गाव सोडलं त्या दिवशी देवकाबाई दार लावून आत बसली होती, बाहेर आली नाही, आणि आईने मागे वळून बघू दिलं नाही. अल्बममध्ये तो तिला शोधत होता. लग्नाच्या एका फोटोत सापडली, अगदी कडेला, पदर कानांवरून घट्ट घेतलेला. वेदश्रीला पाहायला ती आली होती का, ते आठवत नव्हतं. "दोनदा गेलतो तिच्या गल्लीत. कोपऱ्यावरून वापस आलो. काय विचारू जाऊन? गाठ तर कोणालेही येते. अन् नसली तसं काही, तर म्हातारीले काय वाटल? आईले काय वाटल?"

छायाला एकाच वेळी इतकं हायसं वाटलं आणि इतकी लाज वाटली, की दोन्हीतलं कुठलं कुठलं ते तिला वेगळं करता येईना. आणि त्यातही, त्याही क्षणी, तिचं मन मागच्या ओट्याकडे वळलं. नाई मानवणार. आमच्याकडं नाई मानवत. ही बाई सगळं जाणून होती. अकरा वर्षं सोनाराला परत पाठवत होती, आणि एक शब्द बोलली नाही. ती ओट्याकडे निघाली तसा धनंजय म्हणाला, "आईले विचाराचं नाई. माही शपथ आहे." पण शेंगा सोलल्याचा आवाज कधीच थांबला होता. सुमतीबाई दारात उभ्या होत्या, ओटीत सोललेले हिरवे दाणे तसेच धरून.

"विचारू नको," त्या म्हणाल्या. "मीच सांगतो."

त्यांनी बसून सांगितलं, दाणे परातीत ओतून, पदराला हात पुसून. त्यांना मूल होत नव्हतं. देवकाचा नवरा विहिरीचं काम करताना गेला तेव्हा तिच्या पोटात हा होता. बाळंतपण सुमतीबाईंनीच केलं. बारा दिवसांचा असताना देवकानेच त्याला उचलून त्यांच्या ओटीत घातलं. मागितला नव्हता, अण्णाजींनीही मागितला नव्हता. "म्हणली, वयनी, माह्याजवळ राह्यला तर चौघांच्या तोंडचा घास कमी होईल, तुह्याजवळ राह्यला तर मले रोज दिसल. मंग तू मोठा होत गेला. मावशी मावशी म्हणता म्हणता तिलेच माय म्हणाले लागला. मले नाई पाह्यवलं ते. मीच ह्यायच्या मागं लागली, गाव सोडा म्हणून." त्यांचा आवाज कुठेही फुटला नाही. "सगळ्या गल्लीले मालूम होतं. कोणी बोललं नाई. तुलेच मालूम नव्हतं."

"काऊन नाई सांगितलं?" धनंजयने विचारलं.

"भेव वाटे."

"आता?"

"आताही वाटून राह्यलं," सुमतीबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी चौघं नाचणगावला गेले. वेदश्रीला एवढंच सांगितलं होतं की बाबांच्या ओळखीच्या एक आजी आहेत. गल्ली अरुंद, गाडी बाहेर ठेवावी लागली. देवकाबाई अंगणात खाटेवर बसलेली, सुपात ज्वारी पाखडत होती. तिची लेक कांता आतून पाणी घेऊन आली आणि सुमतीबाईंना पाहून तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. छाया सगळ्यांचे चेहरे बघत होती, इतक्या आठवड्यांची सवय लगेच कशी जाणार. तिला दिसलं की म्हातारीने धनंजयकडे पाहिलं नाही. सुनेकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, सुमतीबाईंना बसायला खाटेवर जागा केली, पीकपाण्याचं विचारलं, धनंजयच्या बाजूची हवासुद्धा तिने टाळली. न बघण्याला इतकं बळ लागतं हे छायाला माहीत नव्हतं. वाऱ्याने म्हातारीचा पदर सरकला आणि वेदश्री जवळ जवळ ओरडलीच, "आजी! तुमच्या कानालापण आहे!"

"आहे ना मा," देवकाबाई म्हणाली. "तुह्याहून मोठी."

"दुखते?"

"आता नाई. लहानपणी खाजे लय. पोट्ट्या चिडवत."

"मलापण चिडवतात." आणि वेदश्रीने, जिने घरातही बट बाजूला होऊ दिली नव्हती, आपणहून केस मागे घेतले आणि डोकं पुढे केलं. "बघा. डॉक्टर इंजेक्शन देणार आहेत. बसेल म्हणाल्या."

देवकाबाईने हात उचलला आणि तो मधेच, मुलीच्या कानापासून वीतभर लांब थांबला. ती सुमतीबाईंकडे बघत होती. "वयनी, लावू हात?"

सुमतीबाईंनी मांडीवरचा पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "मले काऊन विचारतं, देवका. तुहीच आहे ते." आणि जरा थांबून, धनंजयकडे न बघता, "अन् थो धनूही."

म्हातारीने वेदश्रीचा कान हातात घेतला. अंगठ्याने गाठीवरून हळू हळू फिरवत राहिली. धनंजय उठून अंगणाच्या टोकाला, तुळशीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. थोड्या वेळाने आला आणि खाटेच्या खाली, जमिनीवर, दोन्ही बायांच्या पायांच्या मधे बसला. कुणी रडलं नाही. कांताने चहा केला. देवकाबाई त्याच्याशी बोलली ते फक्त निघताना, पुन्हा ये म्हणून एकच शब्द, "येजो."

परतताना देवळीत एका टपरीवर त्याने गाडी थांबवली. मागच्या सीटवर वेदश्री आजीच्या मांडीवर झोपली होती, आणि सुमतीबाई समोर बघत ताठ बसल्या होत्या, मुलीच्या केसांवर हात ठेवून. दोघंच खाली उतरले. उन्हं कलली होती, कापसाने भरलेला एक ट्रॅक्टर समोरून गेला, मागे पांढरे तंतू उडवत. छायाला माफी मागायची होती. वाक्य तयार होतं, पण कुठून सुरू करायचं हे ठरेना. आपण त्याला असं वागू शकणारा माणूस समजलो, हे तो कधी विसरेल का, की आता तोही तिच्याकडे असाच बघत राहील, तिने त्याच्याकडे पाहिलं तसं?

"एक विचारू?" तो म्हणाला.

आणि तिचं अंग पुन्हा आखडलं. बाभूळ आली, अर्धी भाकर आली, सगळी उत्तरं ओळीने येऊन उभी राहिली.

"तुले आधी मालूम असतं," तो चहाच्या ग्लासात बघत म्हणाला, "की मी कापूस वेचणाऱ्या बाईचा पोरगा आहो, दुसऱ्याच्या ओटीत टाकलेला. तर केलं असतं लग्न?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिला तिचे वडील दिसले, बैठकीत बसलेले, मुलाकडच्यांचं घराणं विचारणारे. ती तेव्हाची स्वतः दिसली, दाराआड उभी, जी एक शब्द बोलली नव्हती आणि बोललीही नसती. "तवा नसतं केलं," ती म्हणाली. "बाबांनी करू दिलं नसतं, अन् मी भांडली नसती. आता विचारसाल तर आता करीन."

 उरलेला चहा त्याने एका घोटात संपवला, टपरीवाल्याला ग्लास दिला, आणि दोन गरम भजी कागदात बांधून घेतली, वेदश्री उठली की मागेल म्हणून. मग गाडीकडे जाता जाता तो थांबला आणि चावी छायाच्या हातात दिली.

"तू चालव," तो म्हणाला. "मले आज मागं बसाचं आहे, आईजवळ."